लाइनच्या गाडीवर (लांब पल्ल्याच्या ट्रकवर) नवीन असताना करमत नव्हतं तेव्हा काय केलंत? अनुभव लिहा

बावड्याचा_मामा
काल रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. तीन आठवडे झाले त्याला बारा टायरवर चढून, सेकंड ड्रायव्हर म्हणून, कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतनं कास्टिंग भरून चेन्नई साइडला. मला वाटलं गाडी कुठं तरी ठोकली, तर म्हणतो काय न्हाई मामा, असंच केला. चित्रदुर्गच्या पुढं पंपावर गाडी लावलीय, उस्ताद, म्हणजे मेन ड्रायव्हर, झोपलाय. मग दोन मिनिटं गप्पच. मागनं कुठल्या तरी गाडीचा रिव्हर्सचा आवाज येत हुता. शेवटी म्हणाला, मामा करमंना झालंय ओ.

मी आपलं नेहमीचं बोललो, सवय हुईल, पोटभर जेव, झोप आता. फोन ठेवला आणि मग मलाच झोप लागंना.

माझी पहिली ट्रिप २००१ ची. शाहूपुरीतनं गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरले, तीस तीस किलोचे, अहमदाबादला. आपला गूळ पहिल्यापासनं गुजरातलाच जास्त जातो. तर जाताना मला काहीच झालं नाही. खंबाटकी, कात्रज, ठाणं, वापी, भरुचच्या पुलावर पाच तास जाम, आणि सगळीकडं मागनं गुळाचा वास. ऊन तापलं की ताडपत्रीखालनं असा सुटायचा की डोळं झाकलं तर गुऱ्हाळावर बसल्यागत. तिकडं हमालांनी गाडी मोकळी केली, मी हौद्यात झाडू मारायला लागलो, शेवटचा कचरा खाली ढकलला आणि वास संपला. तिथंच बसून रडलो. २१ वर्षांचा गडी, तालमीत जाणारा. उस्तादानं बघितलं, काय बोलला नाही, चहाचा ग्लास फाळक्यावर ठेवला आणि गेला.

मग एसटीडी बूथ शोधला. आमच्या घरात फोन नव्हता, गल्लीतल्या किराणा दुकानात लावायचा, दुकानदार पोराला पळवायचा जा रे आईला बोलाव, तोवर लाइन चालूच, समोर मीटरचे लाल आकडे पळतायत. आई धापा टाकत आली. निम्मे पैसे तिच्या धापेतच गेले. बोलली काय, तर जेवलास काय? जेवलो. बरं ठेव, बिल येतंय.

भाच्याकडं व्हिडिओ कॉल आहे आणि तरी करमत नाही. म्हणून म्हटलं विचारावं. जे लाइनवर हुते, आहेत, त्यांनी लिहा, त्याला पाठवतो. उपदेश नको, तो माझा करून झालाय.

चौदाटायर
होसूरला कंपनीच्या गेटवर उभाय. टोकन ४७, आत्ता १९ चालू हाय, म्हणजे लिहायला येळच येळ. मामा, चाक फिरतंय तोवर कुणाची आठवण येत न्हाई, गाडी उभी राहिली की येती. सात वर्षं झाली मला तरी तसंच हाय. म्हणून उभं असताना हात मोकळा ठेवायचा न्हाई, दोर आवळा, टायर ठोकून बघा, भांडी घासा, काच पुसा. आज दोनदा पुसली. आन घरी फोन गाडी लावल्यावर, जेवण झाल्यावर. स्टेरिंगवर बसायच्या आधी कधीच न्हाई. एकदा बायकोशी भांडून गाडी काढली, तुमकूर ते सिरा कसा गेलो ते अजून आठवत न्हाई.

गंगावेशीतला
दोनदा काच? आमच्या गाडीची पावसानं धुतली तर धुतली

चौदाटायर
म्हणून तर तुमची गाडी लांबनं वळकू येती

दारात_तवा
ड्रायव्हर नाही, ड्रायव्हरची बायको. चालेल ना? गाडी घरचीच आहे, म्हणजे फायनान्सची. फास्टॅग काढला तेव्हा यांचा फोन पाण्यात पडलेला, म्हणून माझा नंबर दिला, तो तसाच राहिला. त्यामुळे टोल कापला की मेसेज मला येतो. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर. आमची पाच वर्षांची पोरगी हे पाढ्यासारखं म्हणते. पुढं कुठली कुठली नावं येतात, ती मी नकाशात बघते, बघून काय करणार, पण बघते. तुम्ही सगळे बाहेर राहिलेल्याचंच लिहिताय म्हणून लिहिलं, करमत नाही ते घरात पण नाही. येताना मात्र मजा. किणी वाजलं की मी तवा ठेवते, पाऊण तासात गाडीचा हॉर्न. एकदा किणी वाजलं आणि दोन तास पत्ता नाही, फोन लागत नाही, देवाला काय काय बोलले. आले तर म्हणे तावडे हॉटेलजवळ मित्र भेटला, चहा घेतला. त्या दिवशी भाकरी गार वाढल्या, मुद्दाम.

गंगावेशीतला
वैनी म्हणजे माणसाला लपायची सोयच न्हाई

दारात_तवा
नाहीच. म्हणून तर नंबर बदलून घेतला नाही.

हिंजवडी_ते_रंकाळा
धागा आवडला. मी आयटीत आहे, पुण्यात पहिले सहा महिने मला पण प्रचंड होमसिक व्हायचं, रूमवर कोणी बोलायला नाही वगैरे, सो रिलेट करू शकतो

गंगावेशीतला
भावा तू दर शनिवारी धुणं घेऊन घरी येतोस

शिरोलीकर७
मला गुवाहाटीला काय वाटलं नाही. डिसेंबरात तिकडं साडेचारला अंधार पडतो, सहा वाजले की मध्यरात्र वाटते, तरी काय नाही, लांब आहे हे डोक्यात बसलेलं असतं. झालं ते घरापासनं वीस-पंचवीस किलोमीटरवर. ऑगस्ट २०१९. नाशिककडनं कांदा भरून येत होतो, किणीच्या आसपास गाड्या थांबवल्या, पुढं शिरोलीत हायवेवर पंचगंगेचं पाणी. घर शिरोलीतच. वडील फोनवर, पायरीला लागलं. मग म्हशी हलवल्या. मग फोन बंद. पुढं गाड्या, मागं गाड्या, वळवायला जागा नाही आणि वळवून तरी कुठं जाणार. पाऊस थांबत नाही आणि ताडपत्रीखाली कांदा सडायला लागलेला, मामांच्या गुळाचा वास वाचून मला तो वास आठवला बघा. जवळपासच्या गावातली लोकं टेम्पोतनं झुणका भाकरी आणून द्यायची, ट्रक कुठल्या राज्याचा आहे ते पण कुणी बघत नव्हतं. त्यात एक म्हातारी होती, भाकरी हातात द्यायच्या आधी विचारायची, लागला काय रं फोन? चार दिवस न्हाई म्हणत होतो. पाचव्या दिवशी लागला, सगळे शाळेत होते, बरे होते. म्हातारी त्या दिवशी आलीच नाही, दुसरीच कोण तरी भाकरी वाटत होती. तिला सांगायचं राहिलं. २०२१ ला परत रस्ता बंद झाला तेव्हा मी लांब बेळगावातच थांबलो, पुढं आलोच नाही.

दारात_तवा
आम्ही तेव्हा माळ्यावर. नको त्या आठवणी.

चौदाटायर
टोकन ३१ वर गाडी अडकलीय, साहेब जेवायला गेल्यात. आमचं जेवण कधी ते कोण इचारत न्हाई.

कायदा_आहे_ना
मोटार ट्रान्स्पोर्ट वर्कर्स ॲक्ट १९६१ प्रमाणे दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास, असं कागदावर होतं, २०२५ मध्ये तो कायदा नव्या कामगार संहितेत गेला. आणि १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची केलीय.

चौदाटायर
आठ तास तर माझं ह्या गेटवरच झालं. एसीचं म्हणाल तर माझी गाडी २०१४ ची, दोन्ही काचा खाली केल्या की एसी.

गंगावेशीतला
आता माझं पण ऐका. इंदूरच्या अलीकडं ढाबा, पंधरा दिवस झालेले घर सोडून, मेनूवर बघतो तर व्हेज कोल्हापुरी. गळाच दाटला राव. मागवली. लाल ग्रेव्ही, त्यात गाजर, फ्लॉवर, वर काजू, आणि गोड!! घराची आठवण दुप्पट झाली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणते कोल्हापुरी आन परत व्हेज कसं काय?

शिरोलीकर७
जन्म कोल्हापुरात गेला, आपण घरात कधी व्हेज कोल्हापुरी ऐकली पण नाही

गंगावेशीतला
भाच्याला कांदा-लसूण चटणीची बरणी द्या मामा. पंजाबी डाळीत टाक, भातात टाक, काहीच नसलं तर पाव. निम्मं दुःख चटणीनं जातं, उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी जातं

दारात_तवा
चटणी लांबच्या ट्रिपला देताना खोबरं कमी घाला, केबिनच्या उष्णतेनं खवट होतं. वर तेल राहू दे आणि ओला चमचा घालायचा नाही. आमच्या ह्यांनी एकदा घातला, विजयवाड्यात बुरशी.

कागलची_लेक
आमचे पप्पा ३० वर्षं लाइनवर. मला वाटतं त्यांना उलटा रोग होता. घरी आले की पहिल्या रात्री झोप लागायची नाही, गादी मऊ, पंख्याचा आवाज वेगळा, रस्त्याचा आवाज नाही. मध्यरात्री उठून बाहेर उभ्या गाडीत जाऊन झोपायचे. आई सुरुवातीला चिडायची, शेजारीपाजारी काय म्हणतील, नंतर संध्याकाळीच केबिनमध्ये पांघरूण नेऊन ठेवायची. तीनला दचकून उठून विचारायचे, कुठवर आलो? आई म्हणायची, घरात. आता रिटायर झाले, गाडी विकली. अजून कधीतरी विचारतात. येताना आग्र्याचा पेठा हमखास आणायचे, आम्हा तिघांनाही तो आवडायचा नाही, कधी सांगितलं नाही. सॉरी विषय भरकटला, दूध उतू जातंय

हिंजवडी_ते_रंकाळा
पेठा मला आवडतो

गंगावेशीतला
तू गप

शिरोलीकर७
मामा, भाच्याला एक सांगा, सवय होईल असं त्याला म्हणू नका. मला सगळे तेच म्हणायचे आणि महिना झाला तरी सवय होईना तेव्हा वाटायचं आपल्यातच काय तरी खोट आहे. मला दोन वर्षं लागली. एकाला पंधरा दिवस लागतात, एक गडी आमच्याबरोबर लागलेला, तिसऱ्या ट्रिपला हुबळीतनं एसटीनं घरी आला, आता टेंबलाईवाडीला टायरचं दुकान टाकलंय, मजेत आहे. त्यात काय कमीपणा नाही.

बावड्याचा_मामा
खरं आहे, माझंच चुकलं, आज बोलतो. वरचं सगळं त्याला पाठवलं. आत्ताच उत्तर आलं, मामा तू हौद्यात बसून रडलास???? आणि पुढं हसणाऱ्या सात बाहुल्या. बाकी कशावर काय बोलला नाही.

कागलची_लेक
म्हणजे बरा आहे

चौदाटायर
मामा भाचा चेन्नईत कुठं खाली करतोय? परवा मी श्रीपेरंबुदूरला हाय, जवळपास असला तर मटण शिजवूया, भांडी घासलेली हायत. नंबर पर्सनलमध्ये टाका. अरे ४७ आला, गाडी आत घेतो. वैनी, खोबरं कमी म्हणजे नेमकं किती ते लिहून ठेवा, रात्री बघतो.