पिन की सुई? (टॅबलेटवरच्या रेकॉर्ड प्लेअरचं मराठी)

उत्तररात्र
टॅबलेटवर गाणी ऐकायचं एक अ‍ॅप आहे. पडद्यावर अख्खा रेकॉर्ड प्लेअर दिसतो. आपल्या संग्रहातली गाणी निवडली की त्यांची काळी रेकॉर्ड तयार होते. ती बोटाने उचलून ठेवायची, दांडा सरकवायचा, पिन टेकवायची. आधी खरखर येते, मग गाणं. एक बाजू संपली की पिन मध्यावर नुसती फिरत राहते, रेकॉर्ड आपणच उलटायची. मला हे अ‍ॅप मनापासून आवडतं, म्हणून त्याचा मराठी मजकूर हौसेने करून देते आहे.

मी 'पिन ठेवा' असं लिहिलं होतं. तपासणाऱ्या गृहस्थांनी ते खोडून 'सुई ठेवा' केलं आणि शेरा मारला : 'पिन इंग्रजी आहे, मराठीत कोणी म्हणत नाही.' आमच्या सांगलीच्या घरी किल्लीचा ग्रामोफोन होता. पिनांची पत्र्याची चपटी डबी, झाकणावर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा. आजी शाळेत गेलेली नव्हती, पण बाजू संपली की 'पिन बदल गं' म्हणायची. सुई म्हणजे तिच्या गोधडीची. तुमच्या घरी काय म्हणत? अंध माणसांना पडदा वाचून दाखवणारी सोय याच ओळी उच्चारते, त्यामुळे चित्रावर भागत नाही, शब्द लागतोच.

अनुस्वार
तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. वस्तू परकी आली म्हणून नावही परकंच घ्यायचं हा आळस झाला. ध्वनिमुद्रण, ध्वनिक्षेपक, ध्वनिफीत हे शब्द कोणीतरी आग्रहाने वापरले म्हणून रुळले. माझ्या मते पिनच्या जागी सुई हवी आणि रेकॉर्डच्या जागी सगळीकडे तबकडी. तुमच्या प्रश्नातच रेकॉर्ड हा शब्द किती वेळा आलाय पाहा.

पारकट्टा
अनुस्वार, तबकडी मलाही आवडतो, पण तो शुद्ध म्हणून नको. तबक अरबीतून फारसीमार्गे आलं आणि आपण त्याला 'डी' लावून घरचं केलं. शिवाय तबकडी घड्याळाचीही असते, जुन्या फोनचीही असते. माझ्या नातीला तबकडी म्हटलं की पहिल्यांदा उडती तबकडीच आठवते.

आणि रेकॉर्ड परका राहिलाय कुठे? क्रिकेटमधला 'तो' रेकॉर्ड मोडला, आणि ताईच्या हातून पडून 'ती' रेकॉर्ड मोडली. ज्या शब्दाला आपण दोन अर्थांसाठी दोन लिंगं दिली, त्याचं आणखी मराठीकरण काय करायचं? आई तर अनेकवचनही 'रेकॉर्डी' करायची.

पिनबद्दल एकच पुरावा देतो. तेच तेच बोलणाऱ्याला आपण 'तुझी पिन अडकलीय' म्हणतो. 'सुई अडकली' माझ्या कानाला हिंदी 'सुई अटक गई'वरून उचललेलं वाटतं. इंग्रजी टाळायला गेलात आणि हिंदी घरात घेतलीत.

अनुस्वार
सुई शब्द हिंदीने आपल्याला दिलेला नाही, दोघींनी तो संस्कृत सूचीवरून घेतलाय. आणि वाक्प्रचारात पिन असल्याने वस्तूचं नाव तेच ठरत नाही. पिनच हवी असेल तर तिला मराठी शब्द आहे : टाचणी.

पारकट्टा
टाचणी कागद टाचते. ही काहीच टाचत नाही, खाचेतून नुसती फिरते. क्रियापदाचा आधार नसेल तर तो शब्द इथे कशाला आणायचा?

लाखेचा_चुडा
'ध्वनिमुद्रिका' अजून कोणी कसा सुचवला नाही? लोक हा शब्द पुस्तकी म्हणून टाळतात, मला मात्र तो सगळ्यांत नेमका वाटतो. मूळ ठशापासून धातूचा साचा करतात आणि त्या साच्याखाली तापलेला गोळा दाबून रेकॉर्ड निघते. म्हणजे ती शब्दशः छापलेली असते, जशी मुद्रा उमटते तशी. शब्द करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ही कृती असावी असं मला फार वाटतं.

आता माझी तक्रार. या अ‍ॅपमध्ये सगळ्यालाच 'व्हिनाइल' म्हटलंय. व्हिनाइल हे द्रव्याचं नाव. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, आपल्या आजोबांच्या काळातल्या रेकॉर्डी बहुतेक लाखेच्या होत्या, पडल्या की बांगडीसारख्या फुटायच्या. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची एलपी 1948 साली आली, तिथून व्हिनाइलचा खरा जम बसला. बालगंधर्वांच्या नाट्यपदाखाली 'व्हिनाइल' वाचताना मला त्रास होतो.

उत्तररात्र
हे महत्त्वाचं आहे, कळवते. तुमच्यामुळे आणखी एक गोष्ट आठवली. मी केसरबाई केरकरांची एक जुनी 78ची रेकॉर्ड या अ‍ॅपमध्ये लावली. ती मुळात लाखेच्या तबकडीवरूनच संगणकात घेतलेली, तिची स्वतःची खरखर होतीच. त्यावर अ‍ॅपने आपली चढवली. दोन खरखरी वेगळ्या ऐकू येतात : खरी एका लयीत, फेरा पुरा झाला की त्याच जागी परत येणारी, अ‍ॅपची कुठेही पडणारी, पावसासारखी. ती कमीजास्त करायची पट्टी आहे, तिला मी 'खरखर' एवढंच नाव दिलंय. तपासणाऱ्यांनी 'पृष्ठभागीय ध्वनी' सुचवलाय. पण मुख्य प्रश्न अजून पिनचाच आहे.

न्यूजर्सीकर
केसरबाईंचं नाव निघालं म्हणून लिहिते. 1977 साली दोन व्हॉयेजर अवकाशयानांतून, परग्रहावर कोणी भेटलंच तर त्यांच्यासाठी, जी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड गेली, तिच्यात गोव्याच्या केरी गावच्या या बाईंची भैरवी आहे. सोबत पिन आणि ती धरणारा भागही पाठवलाय. रेकॉर्ड मिनिटाला 16⅔ फेऱ्यांनी कशी फिरवायची आणि पिन कुठे ठेवायची हे वेष्टनावर फक्त रेघांच्या चित्रांनी सांगितलंय, कारण शब्द कोणाला कळणार? मुलीला हे सांगताना मी सहज 'पिन' म्हणून गेले, सुई तोंडात आलीच नाही. पण अंध ऐकणाऱ्यासाठी शब्द हवाच, हे पटलं.

बारावाटा
आम्ही विदर्भातले. वडिलांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, जत्रा, गणपती. बाभळीला भोंगा बांधायचा आणि मांडवात मशीन. घरात आणि धंद्यात एकच शब्द होता, पिन. 'पिन ठेव' म्हणजे सुरू कर, 'पिन उचल' म्हणजे नवरदेव आला, बंद कर. सुई हा शब्द आम्ही फक्त इंजेक्शनवाल्यासाठी ऐकला.

पण मला वेगळ्याच बटणाची काळजी आहे. गाणं सुरू करायच्या बटणावर तुम्ही काय लिहिलंय? 'वाजवा' असेल तर कृपया बदला. पेटी वाजवतात, ढोल वाजवतात, त्याला हात लागतो. रेकॉर्ड लावतात. रेडिओ लावतात. 'एक गाणं लाव ना' असंच कोणीही म्हणेल.

अनुस्वार
यावर मी पूर्ण सहमत आहे. 'लावा'च हवं.

पारकट्टा
मी नाही. या अ‍ॅपमध्ये रेकॉर्ड ठेवणं आणि सुरू करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत ना? दोन्हींना 'लावा' म्हटलं तर गोंधळ होईल. पहिलीला 'लावा', दुसरीला 'सुरू करा'.

उत्तररात्र
सध्या 'वाजवा' आहे, बदलते. किल्लीच्या ग्रामोफोनचीही एक मांडणी आहे, तिथे 'किल्ली द्या' लिहिलंय.

लाखेचा_चुडा
गिरगावात आम्ही 'चावी दे' म्हणायचो.

अनुस्वार
चावी पोर्तुगीज आहे, 'शावे'वरून आलेला शब्द. किल्ली ठेवा.

लाखेचा_चुडा
चारशे-पाचशे वर्षं कोकणपट्टीत राहिलेल्या शब्दाला अजून दाराबाहेर उभं करायचं? माझ्या आईच्या तोंडी किल्ली शब्द कधीच नव्हता. कुलपाचीही चावी, घड्याळाचीही चावी.

बारावाटा
किल्ली की चावी ते तुम्ही ठरवा. आत जी गुंडाळलेली पट्टी असते तिला वडील कमान म्हणत, घड्याळाची असते तशी. लाऊडस्पीकरच्या आधी त्यांच्याकडे असलंच हातमशीन होतं. कमान उतरत आली की फेरे मंदावायचे आणि गाणारीचा आवाज हळूहळू पुरुषासारखा व्हायचा. मग कोणीतरी ओरडायचं, 'गाणं पेंगायला लागलं रे', की मी धावत जाऊन दांडा फिरवायचो. सात-आठ वर्षांचा होतो, तेवढं एक काम माझ्याकडे होतं. तुमच्या अ‍ॅपमध्ये किल्ली उतरल्यावर आवाज तसा खाली येतो का?

उत्तररात्र
येतो! आणि तेव्हा पडद्यावर एक सूचना उमटते, तिच्यासाठी मला शब्दच सापडत नव्हता. 'वेग कमी होत आहे' लिहून ठेवलं होतं. आता 'गाणं पेंगतंय, किल्ली द्या' लिहून पाठवते. तपासणारे ठेवतील का माहीत नाही. विदर्भाबाहेर कोणी हे ऐकलंय का? नाहीतर तुमच्याकडे त्या वेळी काय म्हणत?