भारत नेमका कोणत्या विभागात? बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या बाजारविभागणीविषयी प्रश्न

मांजलपूरकर (प्रश्न)

नमस्कार. मी बडोद्यातील एका परदेशी अभियांत्रिकी कंपनीच्या कार्यालयात ऑर्डर नियोजनाचे काम पाहते. मागील आर्थिक वर्षापर्यंत आमचे कार्यालय ‘आशिया-पॅसिफिक’ विभागात होते. सवलतीची, साठ्याची आणि तातडीच्या पुरवठ्याची मंजुरी सिंगापूरहून येत असे. यंदा आम्हाला ‘भारत, मध्यपूर्व व आफ्रिका’ या नव्या विभागात घालण्यात आले असून सगळी मंजुरी आता दुबईहून येते. ग्राहक तेच, माल तोच, कारखानाही तोच. मग जगाची ही वाटणी कोणत्या आधारावर होते? भूगोलावर म्हणावे तर जपान आणि ऑस्ट्रेलिया एका गटात कसे, आणि आपण केनियाबरोबर कसे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

हिशेबनीस

ही वाटणी नकाशा पाहून होत नाही. कोणता अधिकारी कोणत्या देशांच्या नफा-तोट्याचा जाब मुख्यालयाला देतो, यावरून ती ठरते आणि भूगोलाचे नाव तिला मागाहून चिकटते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत सापडतो. ॲपल आपली विक्री अमेरिका खंड, युरोप, बृहत्‌ चीन, जपान आणि उर्वरित आशिया-पॅसिफिक अशा पाच विभागांत दाखवते, आणि त्यातील ‘युरोप’मध्ये भारत, मध्यपूर्व व आफ्रिका यांचा समावेश आहे असे तिच्या अहवालातच लिहिलेले असते. पेप्सिकोने २०१९ मध्ये आफ्रिका, मध्यपूर्व व दक्षिण आशिया असा स्वतंत्र विभाग केला आणि २०२५ मधील फेररचनेपर्यंत भारत त्यात होता. नेस्लेने आपल्याला आशिया, ओशनिया व आफ्रिका या विभागात ठेवले. एकच देश तीन कंपन्यांच्या हिशेबात तीन निरनिराळ्या शेजाऱ्यांबरोबर बसलेला होता, आणि तिन्ही ठिकाणी ते नियमाला धरूनच होते.

नियम असा की आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएफआरएस ८, जे जानेवारी २००९ पासून लागू झाले, आणि त्यावर बेतलेले आपल्याकडील इंड एएस १०८, ही दोन्ही कंपनीला विभाग आखून देत नाहीत. कंपनीचा सर्वोच्च निर्णयकर्ता साधनसंपत्तीचे वाटप करताना व कामगिरी तपासताना जे विभाग डोळ्यांपुढे ठेवतो, तेच बाहेरच्या जगाला दाखवावेत, एवढीच अपेक्षा असते. जो अंतर्गत विभाग महसूल, नफा-तोटा किंवा मालमत्ता यांपैकी एकातही १० टक्क्यांची मर्यादा गाठतो, तो स्वतंत्र दाखवावा लागतो. त्याखालचे विभाग एकत्र करता येतात. एखादा देश मोठा आहे की लहान हे लोकसंख्येवर ठरत नाही, त्या कंपनीच्या वहीत त्याची विक्री किती यावर ठरते. ॲपलच्या अहवालात एकटा जपान स्वतंत्र असतो आणि भारत नसतो, तो याच दृष्टीने पाहावा.

निर्यात विभाग, मकरपुरा

वरील विवेचन मान्य आहे, परंतु कारखान्याच्या बाजूने एक भर घालतो. व्यापारी विभाग आणि तांत्रिक विभाग एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्याचा त्रास माल पाठवणाऱ्याला होतो.

पंपाचेच उदाहरण घ्या. भारत, अमिराती, कुवेत, कतार आणि ओमानमध्ये वीजपुरवठा ५० हर्ट्झचा (म्हणजे प्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तने) आहे. सौदी अरेबियात मात्र ६० हर्ट्झचा. चार ध्रुवांच्या मोटरचा समकालिक वेग (विजेच्या आवर्तनांवरून ठरणारा मूळ वेग) ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेरे असतो, तोच ६० हर्ट्झवर १८०० होतो. वेग वीस टक्क्यांनी वाढला की सेंट्रिफ्युगल पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे दुबईसाठी तयार ठेवलेला संच ‘मध्यपूर्वेचाच आहे’ म्हणून रियाधला पाठवला, तर मोटरवर अतिभार येतो. इंपेलर (पंपातील पाणी ढकलणारे पात्यांचे चक्र) तासून लहान करावा लागतो किंवा मोटरच बदलावी लागते. जपानमध्ये तर पूर्व भाग ५० हर्ट्झवर आणि पश्चिम भाग ६० हर्ट्झवर चालतो. तेव्हा विभागाचे नाव काहीही असो, ऑर्डर घेताना देशाबरोबर व्होल्टेज आणि हर्ट्झ लिहून घ्यायचे. आमच्याकडे हे रकाने रिकामे असले तर ऑर्डर पुढे सरकत नाही.

वाघोडिया रोड

एक जुना संदर्भ. डीव्हीडीच्या काळात ही विभागणी थेट तबकडीवर कोरलेली असे. भारत, बहुतांश आफ्रिका आणि रशिया पाचव्या विभागात. जपान मात्र पश्चिम युरोपाबरोबर दुसऱ्यात. चित्रपट निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या तारखांना प्रदर्शित होत आणि किमतीही वेगळ्या असत; स्वस्त बाजारातील माल महाग बाजारात जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. विभाग पाडण्याचे हे कारण आजही अनेक धंद्यांत जिवंत आहे.

मांजलपूरकर

सर्वांचे आभार. विभाग का बदलतात हे आता समजले. सिंगापूरऐवजी दुबई आल्याने आमच्या रोजच्या कामात प्रत्यक्षात काय बदलेल, हेही कुणी सांगावे.

अलकापुरी

मी अनेक वर्षे प्रादेशिक कार्यालयांबरोबर काम केले आहे, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो.

वेळेचा फरक प्रथम जाणवेल. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, दुबई दीड तास मागे. दुपारी चारला आपल्या लक्षात आलेली अडचण सिंगापूरला साडेसहाला पोहोचत असे आणि उत्तर दुसऱ्या दिवशी येई. दुबईत तेव्हा अडीच वाजलेले असतात. अमिरातीने जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी स्वीकारल्यामुळे आठवडाही जुळतो. रियाधशी काम पडले तर मात्र तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, हे ध्यानात ठेवावे. तसे काम पडण्याची शक्यताही वाढते आहे, कारण २०२४ पासून ज्या परदेशी कंपनीचे प्रादेशिक मुख्यालय सौदी अरेबियात नाही, तिला काही अपवाद वगळता तिथली सरकारी कंत्राटे मिळत नाहीत. त्यामुळे अनेक कंपन्यांनी रियाधला कार्यालये थाटली आहेत.

तरीही माझ्या मते आपण अधिक लक्ष द्यावे ते मंजुरीच्या मर्यादांकडे. विभाग बदलताना कंपनीच्या त्या देशातील प्रमुखाची सवलत देण्याची मर्यादा पुष्कळदा गुपचूप कमी केली जाते, आणि ते पहिली मोठी निविदा अडकली की कळते. आपला राखीव साठा कोणत्या गोदामात आहे आणि त्यावर पहिला हक्क कोणाचा, हेही लेखी मागून घ्यावे. सिंगापूरच्या गोदामातील सुटे भाग आता आपल्याला दुसऱ्या विभागाचा माल म्हणून हस्तांतर किमतीने (कंपनीचा एक विभाग दुसऱ्याला लावतो त्या अंतर्गत किमतीने) मिळू लागले, तर आपल्या कार्यालयाचा नफा कागदावर घटेल आणि त्याचा जाब बडोद्यालाच द्यावा लागेल. वर्षाचे लक्ष्य निश्चित होण्यापूर्वी हा मुद्दा आपल्या वित्त विभागाच्या कानावर घालावा. एकदा आकडे गोठले की दुबईचे लोकही फारसे काही करू शकत नाहीत.

मांजलपूरकर

राखीव साठ्याचा विचार आमच्याकडे कोणीच केलेला नव्हता. गोदामनिहाय यादी आणि जुन्या-नव्या मंजुरी मर्यादांचा तक्ता आजच मागवते.