मदत हवी आहे: फोटो नीट येतात, पण जागेचं वातावरण येत नाही

नमस्कार मंडळी, फोटोग्राफी शिकतेय. प्रकल्पासाठी आसपासच्या जागांचं वातावरण हा विषय घेतलाय, शक्यतो फ्रेममध्ये माणसं न आणता.

तांत्रिक बाजूला फारसं अडत नाही. धुकं असलं की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर त्या पांढऱ्याला करडं करून टाकतं, म्हणून एक्सपोजर एखादा स्टॉप वर नेते, म्हणजे उजेड दुप्पट घेते. पहाटेची निळाई ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप केलेली रंगछटेची दुरुस्ती) धुऊन काढतो, म्हणून तो 5500 केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या, आसपास ठरवूनच ठेवते. गाडी अडते ती पुढे. ओल्या भिंतीवर पाइपाखाली उतरलेला शेवाळाचा पट्टा, कुंपणाच्या तारेत अडकून फडफडणारी पिशवी, असं काही जवळून टिपलं की जागा बोलायला लागते. तेच 24 एमएमच्या वाइड लेन्सने अख्खं दृश्य घेतलं की झालं पोस्टकार्ड!

शंभरेक वर्षांपूर्वीचा फ्रेंच फोटोग्राफर यूजीन आत्जे, त्याचे जुन्या पॅरिसचे निर्मनुष्य रस्ते पाहिले की हेवा वाटतो. आणि तो माणूस अवजड कॅमेरा, काचेच्या प्लेट्स घेऊन फिरायचा!

तर, एकाच मालिकेत क्लोजअप आणि वाइड मिसळता का, की 50 एमएमसारखी एकच लेन्स धरून बसावं? एकच जागा वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा काढणं बरं, की जागा बदलत राहणं? माझा कल पहिल्याकडे आहे, पण मालिका कंटाळवाणी होईल अशी धास्ती वाटते.

'एडिटिंगमध्ये मूड आण' हा सल्ला तेवढा नको, तो भरपूर मिळालाय. तुमच्या अशा मालिका असतील तर फोटो नक्की टाका.