मदत हवी आहे: 'कीप डाउन'चा नेमका अर्थ काय?

कराडची_लेक: कीप म्हणजे ठेवणे, डाउन म्हणजे खाली, मग 'कान्ट कीप एनिथिंग डाउन' म्हणजे खाली ठेवता येत नाही असंच ना? डिक्शनरीत कीपखाली इतके अर्थ आहेत की डोकं बधिर झालं. प्लीज लवकर सांगा, उद्या सकाळी ड्युटी आहे.

शब्दवेडा: जरा इस्कटून सांगा. 'कीप युअर व्हॉइस डाउन' म्हणजे हळू बोला, 'कीप कॉस्ट्स डाउन' म्हणजे खर्च आटोक्यात ठेवा. कोण कोणाला म्हणालं?

नाना_पुणे: मुळात यातलं 'डाउन' हे प्रीपोझिशन (शब्दयोगी अव्यय) नाहीच, अॅडव्हर्ब (क्रियाविशेषण) आहे. 'कीप इट डाउन' म्हणतात, 'कीप डाउन इट' चालत नाही. याउलट 'लुक आफ्टर हर'मध्ये हर शेवटीच येणार, कारण आफ्टर खरं प्रीपोझिशन आहे.

कराडची_लेक: नाना, व्याकरण नंतर, अर्थ सांगा ना. मी नर्स आहे, इंग्लंडमध्ये येऊन तीन आठवडे झालेत. वॉर्डात एक आजी दुपारी हे म्हणाल्या, हातात पाण्याचा ग्लास होता, मला वाटलं टेबल लांब आहे म्हणून खाली ठेवता येत नाहीये, मी ग्लास घेतला, टेबल जवळ सरकवलं आणि पुढच्या बेडकडे गेले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या तेव्हापासून मनातून जात नाहीये.

सिस्टर_माई: अगं, आपण म्हणतो ना पोटात पाणीसुद्धा ठरत नाही, तेच ते. उलटी होतेय त्यांना. तोंडाने गोळ्या चालू आहेत का? असतील तर त्याही पडत असतील. सकाळची वाट बघू नकोस, आत्ता वॉर्डला फोन कर, नाइटच्या सिस्टरला सांग. आणि इथे पेशंटबद्दल याहून जास्त लिहू नको.

शब्दवेडा: यावर माझा उपाय म्हणजे क्रियापद सोडा, पुढचा शब्द धरा. अप म्हणजे संपेपर्यंत: ईट अप, ड्रिंक अप, यूज अप.

सिस्टर_माई: आणि 'थ्रो अप'? संपेपर्यंत फेकणं? तीही उलटीच. 'ब्रिंग अप' म्हणजे कफ पडणं किंवा उलटी, 'ऑफ माय फूड' म्हणजे जेवणावरची वासना गेली. 'पास आउट' नीट लक्षात ठेव, आपल्याकडे कॉलेजातून पास आउट होतात, तिकडे ती चक्कर येऊन बेशुद्ध पडणं, 'पास अवे' म्हणजे गेले, आणि 'कम राउंड' म्हणजे शुद्धीवर आले. असे नियम लावून पेशंट कळत नाही, अख्खं वाक्य पाठ करावं लागतं.

शब्दवेडा: सगळंच पाठ कसं होणार? निम्म्यांना तरी नियम लागतो.

गीर्वाण: यात नवल काय, संस्कृतात हृ धातूला उपसर्ग लावा, आहार, विहार, प्रहार, संहार, प्रत्येक वेळी अर्थ वेगळा. आणि मराठीत बोलून टाकणं, बोलून दाखवणं, बोलून बसणं यांत किती फरक आहे!

तळेगावकर: तिकडच्या नोकरीसाठी इंग्रजीची कोणती परीक्षा दिली, ओईटी की आयईएलटीएस? बहीण बीएससी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोणती सोपी?

सिस्टर_माई: अवांतर नको, वेगळा धागा काढा. दोन्ही चालतात, पण ओईटीत दवाखान्यातलेच प्रसंग असतात, मी तीच सुचवेन.

कराडची_लेक: माई, फोन केला. रात्रीची गोळीसुद्धा उलटून पडली होती, डॉक्टर बघून गेले, औषध आता शिरेतून सुरू केलंय. खूप आभार. सकाळी आधी आजींना भेटणार आहे. आणखी एक, त्यांच्या शेजारच्या बाई दोनदा म्हणाल्या 'आय फील रन डाउन', याला काय म्हणायचं?

नाना_पुणे: अंगात त्राण नाही, थकवा आलाय. केव्हापासून ते मात्र त्यांनाच विचारा.