चिखलणीनंतर ट्रॅक्टरचं तेल दुधासारखं झालंय, नुसतं बदलून भागेल का?

तरवा_लावण (प्रश्न)

ट्रॅक्टर ४५ एचपीचा, तेलातल्या ब्रेकचा. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक आणि लिफ्ट या सगळ्यांना तेल एकच, पुस्तकात ५० लिटर दिलंय. आजरा भागातली भातखाचरं, रोटर (रोटाव्हेटर) लावून चिखलणी झाली. बऱ्याच खाचरांत पाणी मागच्या एक्सलपर्यंत होतं. आता डिपस्टिकवर तेल दुधी दिसतंय आणि पातळी वरच्या खुणेच्या वर चढलीय.

लक्षणं अशी: सकाळी थंड असताना लिफ्ट व्यवस्थित उचलते. तासाभराच्या कामानंतर रोटर सावकाश वर येतो, आणि वर धरून ठेवला की दर आठ-दहा सेकंदांनी उचकी देतो. ब्रेक दाबल्यावर कुरकुर ऐकू येते.

तीन शंका आहेत. रात्रभर उभा ठेवून तळाचं पाणी प्लगमधून सोडलं तर तेच तेल चालेल का? दुकानदार ९० नंबरचं गिअर ऑइल भरा म्हणतोय, ते स्वस्त पडतं, भरू का? आणि जुनं तेल काढल्यावर आतून डिझेलने धुतलं तर?

पंप_आणि_पाना

आधी पाणीच आहे ना याची खात्री करा, कारण हवा मिसळली तरी तेल पांढरट दिसतं. काचेच्या बरणीत पाव लिटर तेल काढून ठेवा. हवा असेल तर तासाभरात तेल तळापासून वर स्वच्छ होत जातं. पाणी असेल तर दुसऱ्या दिवशीही दुधीच राहतं. तुमची पातळी वाढलीय, म्हणजे पाणीच असणार, तरी दुसरी खूण बघून घ्या: तवा इतका तापवा की पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचेल, मग त्यावर तेलाचे दोन थेंब टाका. तडतडलं तर पाणी. डोळ्याला चष्मा लावा आणि थेंब दोनच टाका, चमचाभर ओतू नका.

पहिल्या शंकेचं उत्तर नाही. हायड्रॉलिक प्रेसच्या साध्या तेलातून पाणी बऱ्यापैकी खाली बसतं. ट्रॅक्टरच्या या तेलात मात्र मळ आणि थोडा ओलावा धरून ठेवणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात. त्यामुळे रात्रभरात तळाला वाटीभर पाणी निघेल, बाकीचं तेलातच घुसळलेलं राहील. गरम तेलातलं पाणी झीज रोखणाऱ्या रसायनांची मोडतोड करतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंजाचे ठिपके पडतात. ते ठिपके तेल बदलून जात नाहीत.

डिझेलने धुणंही नको. सगळे प्लग उघडले तरी खाचाखोचांत, एक्सलच्या नळ्यांत आणि पाइपात काही लिटर राहतंच. ते डिझेल असेल तर नव्या तेलाचा दाटपणा उतरतो, पंपाला नेमकं ते सोसत नाही. धुवायचं ते त्याच ग्रेडच्या तेलाने.

हिशेब असा. समजा २ टक्के पाणी आहे, म्हणजे ५० लिटरमध्ये १ लिटर. काढल्यावर ८ लिटर आत उरलं तर त्यात १६० मिलि पाणी. वर नवं तेल भरलं की प्रमाण ०.३२ टक्के होतं, हे अजूनही फार झालं. दुसऱ्यांदा काढून भरलं की ०.०५ टक्के. म्हणून एकदा बदलून भागत नाही, दोनदा बदलावं लागतं. खर्च दुप्पट आहे हे मान्य, पण पंप, ब्रेकच्या चकत्या आणि बेअरिंगं यांच्यापुढे तेल स्वस्तच.

काढायची पद्धत: ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल कोमट-गरम करा. सपाट जागी लावा, अवजार सोडा, लिफ्टचा लिव्हर पूर्ण खाली करा म्हणजे सिलेंडरमधलं तेलही परत येतं. गिअरबॉक्स, मागची पेटी, दोन्ही एक्सल, जिथे जिथे प्लग आहे तिथे सगळीकडून सोडा. धार थांबली तरी थेंब थांबेपर्यंत वाट बघा. चुंबकाचा प्लग असेल तर तो बोटांनी चोळून बघा. करड्या मलमासारखं लागलं तर नेहमीची झीज. चकचकीत पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला तर तेल भरू नका, आधी पेटी उघडा.

पंपाची जाळी काढून रॉकेलने धुवा आणि हवा आतून बाहेर मारा, बाहेरून मारली की घाण तारांत रुतते. कागदी फिल्टर धुवायचा नाही, फेकायचा. सक्शन पाइपची ओ-रिंग (रबरी कडी) नवी टाका. दहा-वीस रुपयांच्या त्या रिंगमधून पंप हवा ओढतो आणि मग तेलाला फेस येतो.

पहिलं भरलेलं तेल आठ-दहा तास हलक्या कामावर चालवा, लिफ्ट भरपूर वरखाली करा, मग गरम असतानाच काढा. दोन्ही वेळा भरल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटं मंद ठेवा, पंपात तेल पोचेपर्यंत रेस देऊ नका.

तेलाची_ग्रेड

दुसऱ्या शंकेवर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

तुमच्या पेटीत एकच तेल चार कामं करतं: गिअरचे दात वाचवणं, बेअरिंगं थंड ठेवणं, लिफ्टला दाब देणं आणि ब्रेकच्या चकत्यांमध्ये घर्षण नेमकं ठेवणं. ९० नंबरचं गिअर ऑइल यातलं पहिलं काम उत्तम करतं, बाकीच्यांत गडबड करतं. थंडीत ते इतकं घट्ट असतं की पंपाला जाळीतून पुरेसं ओढता येत नाही. मग तेलात पोकळ्या होतात, त्या दाबाच्या बाजूला फुटतात आणि पंपाच्या दातांवर टवके पडतात. त्याचा आवाज एकसारखा, चिरका येतो. हवा शिरली असेल तर आवाज खडखडीत आणि तुटक येतो. दोन्ही आवाज ओळखता आले पाहिजेत.

९० नंबरमधला जीएल-५ दर्जा तर अजिबात नको. त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. पितळ-ब्राँझच्या बुशांना ती चांगली नाहीत आणि तेलातल्या ब्रेकसाठी ती बनवलेलीच नाहीत. आत्ता ब्रेक कुरकुरतोय तो पाण्यामुळे असावा. चुकीचं तेल घातलंत तर स्वच्छ असूनही कुरकुरेल, आणि मग दोष शोधत बसाल.

डब्यावर 'वेट ब्रेक' (तेलातले ब्रेक) किंवा युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल, म्हणजे यूटीटीओ, लिहिलेलं हवं. त्याखाली तुमच्या कंपनीच्या पुस्तकातला मानक क्रमांक जुळला पाहिजे, उदाहरणार्थ जॉन डियरसाठी जे२०सी. रंग, वास किंवा 'तेच आहे साहेब' यावर जाऊ नका. जुनं कुठलं भरलंय ठाऊक नसेल तर वरून दुसरं घालून भेसळ करू नका.

तरवा_लावण

तेल काढलं. ५० लिटर भरलेल्यातून ४४ निघालं. जाळीवर साबणाच्या चोथ्यासारखा पांढुरका थर होता, पाव भाग बुजलेला. चुंबकावर फक्त करडं मलम. लिफ्टच्या कव्हरवरचा ब्रीदर (पेटीतली हवा आतबाहेर जाऊ देणारं तोंड) चिखलाने पूर्ण बंद, तारेनं टोचल्यावर सुक्या मातीची गोळी पडली. पाणी तिथूनच गेलं का?

सील_आणि_शाफ्ट

ब्रीदरमधून पाणी गेलं नाही. ब्रीदर बंद पडला म्हणून दुसरीकडून गेलं, आणि सगळ्या गोष्टीचं मूळ तेच आहे.

काम करताना पेटी ८० अंशांपर्यंत तापली असं धरा. तीच पेटी खाचराच्या थंड पाण्यात उभी राहिली आणि आतली हवा ३० अंशांवर आली, तर पेटी पार बंद असल्यास आतला दाब साधारण १४ टक्क्यांनी पडतो. म्हणजे जवळपास दीड मीटर पाण्याच्या स्तंभाइतकी ओढ. ऑइल सीलची ओठाळी आतलं तेल बाहेर जाऊ नये म्हणून घडवलेली असते. उलट दिशेने खेचलं की ती पाणी आत घेते. ब्रीदर मोकळा असता तर हीच ओढ हवेनं भागली असती.

आता सगळ्या वाटा तपासा. पीटीओ शाफ्टचा (मागून अवजाराला ताकद देणाऱ्या दांड्याचा) सील बघताना शाफ्टवर नख फिरवा. खाच नखाला अडकली तर नुसता नवा सील पुरणार नाही. एकतर शाफ्टवर बाही (धातूची पातळ नळी) बसवा, किंवा सील दोन-तीन मिलिमीटर आतबाहेर करून ओठ कोऱ्या जागी आणा. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, आणि दोन ओठांचा सील असेल तर मध्ये थोडं ग्रीस. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला पेंढ्याचे काड किंवा नायलॉनची सुतळी गुंडाळली गेलीय का बघा, एक्सलचा सील तीच कापते. गिअर लिव्हरचा रबरी बूट फाटला असेल तर पाऊस आणि धुण्याचं पाणी थेट आत जातं. प्रेशर वॉशरचा फवारा या सगळ्या जागांवर जवळून मारू नका, आणि काम संपल्या संपल्या गरम ट्रॅक्टर ओढ्यात घालून धुऊ नका.

ब्रीदर आता बदलाच. शक्य असेल तर रबरी नळी जोडून त्याचं तोंड उंचावर, सीटच्या मागे न्या.

पंप_आणि_पाना

एक वाट अजून राहिली, टिपिंग ट्रॉली. तिचा जॅक तुमच्याच ट्रॅक्टरच्या तेलावर उचलतो, म्हणजे त्यात अजून जुनं दुधी तेल बसलंय. नवं तेल भरून ट्रॉली जोडलीत की पहिल्याच उतारात ते पेटीत येईल. म्हणून ट्रॉली पूर्ण खाली करून, नळी सोडून जॅक आधी रिकामा करा. शेजाऱ्याची ट्रॉली जोडता तेव्हा त्याचं तेलही घेता, हे धरून चाला. कपलरच्या तोंडावर ग्रीस-मातीचा जो काळा थर असतो तो दर वेळी कापडाने पुसा, टोप्या लावा.

गरम झाल्यावर सावकाश उचलणं आणि उचकी, हे वेगळे दोष असू शकतात. स्वच्छ तेल भरल्यावर ० ते ४०० बारचा गेज बाहेरच्या पोर्टला लावा. थंड असताना रिलीफ व्हॉल्व्हचा (जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) पुस्तकातला दाब मिळतो आणि तेल गरम झाल्यावर मिळत नाही, तर बहुधा पंप आतून झिजला. दोन्ही वेळा मिळतो पण उचकी राहते, तर पंपाला हात लावू नका. अवजार वर ठेवून इंजिन बंद करा. ते हळूहळू खाली आलं तर लिफ्टच्या पिस्टनची ओ-रिंग किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतोय. उचकी म्हणजे तीच गळती भरून काढायला व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा उघडणं. ओ-रिंग बदलताना पाठीची रिंग (ओ-रिंगला आधार देणारी बॅकअप रिंग) कमी दाबाच्या बाजूला बसवा, उलटी बसली की नवी ओ-रिंग दाबाने फटीत घुसून चिरते.

लिव्हर शेवटपर्यंत ओढून रिलीफ व्हॉल्व्ह ओरडत ठेवू नका. मिनिटाला ३० लिटर आणि १८० बार म्हणजे ९ किलोवॅट, सुमारे १२ एचपी. काम काहीच होत नाही, ती सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. लोखंडात मुरणारी उष्णता सोडली तर ५० लिटर तेल मिनिटाला साधारण ६ अंशांनी तापतं. आणि दर १० अंश वाढीला तेल सडण्याचा वेग अंदाजे दुप्पट होतो.

दाबाखालची गळती बोटाने शोधू नका. सुईएवढ्या छिद्रातून तेल कातडीत घुसतं, बाहेरून टोचल्यासारखं दिसतं आणि काही तासांत हात जायची वेळ येऊ शकते. पुठ्ठा फिरवा. तसं झालंच तर दुखत नसलं तरी लगेच शस्त्रक्रिया होते अशा दवाखान्यात जा. उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू लावल्याशिवाय जाऊ नका.

तेलाची_ग्रेड

उरलेलं नवं तेल ठेवताना बॅरल अंगणात उभं ठेवू नका. वर पावसाचं पाणी साचतं, दिवसा तापून रात्री निवलं की बुचाच्या आट्यांतून ते आत ओढलं जातं. आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, तेलाच्या पातळीखाली. भरताना बादलीवर साडीचं फडकं नको, त्याचे तंतू जाळीवर जाऊन बसतात. जाळीचं झाकणदार नरसाळं त्याच कामाला राखून ठेवा.

काढलेलं ४४ लिटर वाळवीसाठी लाकडाला फासायला किंवा बांधावर ओतायला नको, विहिरीत उतरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून परवानाधारक जुनं तेल घेणाऱ्याला द्या. पाणी मिसळलेलं आहे हे त्याला आधी सांगा.