मदत हवी आहे: थंडीत बेट्टा तळाशी बसून राहतोय, शेपटीच्या कडाही झिजल्यात

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी,

शेजारच्या कुटुंबाची बदली झाली तेव्हा जाताना त्यांनी त्यांचा बेट्टा, म्हणजे फायटर मासा, आमच्याकडे दिला. गडद निळा, परांच्या टोकांना लाल झाक. सासूबाईंनी त्याचं नाव निळोबा ठेवलंय. मासे पाळायची आमच्या घरातली ही पहिलीच वेळ. पण आता तो घरातलाच झालाय. सकाळी चहा घेताना सासूबाई त्याच्याशी बोलतात आणि तो काचेजवळ येऊन थांबतो.

नाशिकला थंडी पडली आणि त्याचं सगळं बिघडलं. दिवसभर तळाशी दगडांवर पडून असतो. श्वास घ्यायला तेवढा वर येतो आणि परत खाली. पर अंगाला चिकटवून ठेवतो, खाणं जवळजवळ बंद. शेपटीच्या कडा फाटल्यासारख्या झाल्यात आणि टोकं काळपट पडलीत. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, पोट फुगलेलं नाही.

तो राहतो काचेच्या गोल बाऊलमध्ये, साधारण चार लिटर पाणी बसतं. फिल्टर, हीटर काही नाही. पाणी महापालिकेचं, रात्रभर बादलीत भरून ठेवलेलं. शेजाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे दर रविवारी सगळं पाणी काढतो आणि दगड चोळून धुतो. थर्मामीटर आणून पाहिला तर सकाळी पाणी १९ अंश, दुपारी २३ पर्यंत जातं. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली आहे, ती अजून उघडलेली नाही.

आत्ता लगेच काय करू? औषध घालू का? आणि सासूबाई विचारतात, एकटा असल्यामुळे तो खचला असेल का, जोडीला दुसरा मासा आणावा का?

---

चहाबाज:

ताई, चिमूटभर हळद टाकून बघा. आमच्याकडे गोल्डफिशला जखम झाली की आई हळदच टाकायची. आणि बाऊल दुपारी उन्हात ठेवा, ऊब मिळेल.

---

पाणवाट:

चहाबाज, तुमची कळकळ समजते, पण या दोन्ही गोष्टी करू नका असं मी आग्रहाने सांगेन. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाला बसते आणि चार लिटरमध्ये पाणी आणखी खराब करते. आणि थेट उन्हात एवढंसं पाणी पटकन तापतं, संध्याकाळी तितकंच पटकन गार होतं. माशाला कायमच्या गारठ्यापेक्षाही हे वरखाली होणं जास्त बाधतं.

गोदाकाठ ताई, जवळच्या मत्स्यालयाच्या दुकानात पाण्याचा नमुना घेऊन जा आणि अमोनिया तपासून मागा. थेंबांचा संच असतो, पाच-दहा मिनिटांत रंगावरून कळतं. तो आकडा इथे टाका. तोवर खायला काही घालू नका. न खाल्लेले दाणे तळाशी कुजत असतील तर ते आधी काढा.

---

गोदाकाठ:

तपासून आणलं. अमोनिया १ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत एक भाग), पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे तो आकडा) ७.८. दुकानदार म्हणाला, 'एवढं चालतं'. चालतं का?

---

पाणवाट:

नाही चालत. अमोनिया शून्य हवा. पाव पीपीएम दिसला तरी मी पाणी बदलतो.

झालंय काय ते सविस्तर लिहितो, कारण हे कळलं की पुढचं तुमचं तुम्हालाच सुचेल. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. स्थिरावलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर, दगडांवर, काचेवर सूक्ष्म जिवाणू वस्तीला असतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट मात्र २०-३० पीपीएमपर्यंत मासा सहज सोसतो आणि पाणी बदललं की ते कमी होतं. तुमच्या बाऊलमध्ये फिल्टर नाही आणि दर रविवारी दगड चोळून धुतले जातात, म्हणजे जिवाणूंची वस्ती धरायच्या आतच निघून जाते. रविवारी स्वच्छ पाणी, शनिवारपर्यंत अमोनिया, पुन्हा एकदम नवं पाणी, असं त्याचं आयुष्य चाललंय. त्यात गारठा. बेट्टा उष्ण प्रदेशातला, त्याला २५ ते २७ अंश मानवतं. १९ अंशांत त्याचं पचन मंदावतं, रोगाशी लढायची ताकद कमी होते आणि मग पाण्यात एरवीही असणारे जिवाणू परांच्या कडा खायला लागतात. काळपट, झिजलेल्या कडा म्हणजे फिन रॉटची, पर कुजण्याच्या रोगाची, सुरुवात. या टप्प्यावर तो बहुतेक वेळा नुसत्या चांगल्या पाण्याने बरा होतो.

आता क्रम नीट पाळा. आधी पाणी बदला, ऊब नंतर. तापमान आणि पीएच जितके जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो. तुमचा पीएच ७.८ आहे. आहे तेच पाणी तापवलंत तर त्याला आणखी त्रास होईल. आज अर्धं पाणी काढा आणि तेवढंच नवं, त्याच तापमानाचं पाणी हळूहळू ओता. उद्या पुन्हा अर्धं. नव्या पाण्यात क्लोरीन काढायचं औषध घालाच. बादलीत रात्रभर ठेवून साधा क्लोरीन उडतो, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून झालेलं जंतुनाशक) असेल तर तो तसा उडत नाही. अँटिक्लोरीनची छोटी बाटली स्वस्त मिळते आणि पुष्कळ दिवस पुरते.

निळं औषध बहुधा मिथिलीन ब्लू असेल. बुरशीवर त्याचा उपयोग होतो. तुमच्या दुखण्यावर तो मुख्य इलाज नाही आणि पुढे फिल्टर लावलात तर त्यातल्या चांगल्या जिवाणूंनाही ते मारतं. बाटली बंदच राहू द्या.

---

रानवाटा:

पाणवाट यांच्याशी पूर्ण सहमत. थोडी भर घालते.

चार लिटरच्या बाऊलमध्ये हीटर लावू नका. एवढं पाणी पाहता पाहता उकळत्या चहासारखं होईल आणि गोल काचेत हीटर नीट बसतही नाही. आज रात्रीच सोय करायची असेल तर घरातली वीस लिटरची नवी किंवा कधीच साबण न लागलेली बादली घ्या. तीत पंधरा-सोळा लिटर पाणी, ५० वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर, वर जाळी. हीटर पाण्यात पूर्ण बुडलेला आणि प्लॅस्टिकला न टेकणारा हवा. त्याच्यावर बसवायची जाळीदार टोपी मिळते. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा, आणि हीटर बाहेर काढायच्या आधी पंधरा मिनिटं बंद ठेवा, नाहीतर काच तडकते. लिटरला एक वॅट असा सर्वसाधारण हिशेब असतो. पण तुम्हाला १९ वरून २६ वर जायचंय, म्हणून २५ वॅटचा हीटर घेऊ नका. तापमान तासाला एखाद्या अंशाने चढू द्या.

बादलीत मासा चांगला दिसत नाही हे खरं, पण निळोबाला ती बाऊलपेक्षा कितीतरी सुखाची. सावकाश चौकोनी टाकी बघा. १५ ते २० लिटर, उंचीपेक्षा लांबी जास्त. त्याला सारखं वर येऊन हवा घ्यावी लागते, उंच टाकीत तेवढ्यानेच दमतो.

---

भातखाचर:

'बेट्टा तर डबक्यातला मासा, त्याला बाऊल पुरतो' हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं, म्हणून लिहितो. हा मूळचा थायलंड आणि आसपासच्या सखल, पाणथळ भागातला. भातशेतं, दलदली, संथ ओढे. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं, इतका तो तिथल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा. पाणी उथळ असतं हे खरं, पण ते दूरवर पसरलेलं असतं. आपल्याकडचं कोकणातलं पावसाळ्यातलं भातखाचर डोळ्यासमोर आणा: घोट्याएवढं पाणी, पण या बांधापासून त्या बांधापर्यंत, वर उबदार दमट हवा, आत काड्या-पानांचा आडोसा. तिथला नर आपापली हद्द धरून राहतो. डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला त्याला लॅबिरिंथ नावाचं इंद्रिय असतं, त्याने तो वरची हवा घेतो. त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो तगतो. त्याच्या या तगण्याचाच गैरफायदा घेऊन त्याला पेल्याएवढ्या डब्यांत विकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक. रानातल्या बेट्टाचे पर आखूड असतात. हे झालरीसारखे पर माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून वाढवलेत. तेवढं ओझं घेऊन त्याला जोराच्या प्रवाहात पोहता येत नाही. तेव्हा फिल्टर घ्याल तो स्पंज फिल्टर घ्या आणि हवेचा नॉब बारीक ठेवा. प्लॅस्टिकची टोकदार झाडं नकोत, पर फाटतात. अनुबियास, जावा फर्न लावा. दोन्ही कमी उजेडात जगतात. मनी प्लांटची फांदी वरून सोडून नुसती मुळं पाण्यात ठेवली तरी नायट्रेट शोषून घेते.

सासूबाईंना सांगा, एकटेपणाने तो खचलेला नाही. दुसरा नर आणलात तर एकमेकांना फाडतील. मादीही कायम सोबत ठेवायची नसते. महापालिका डासांसाठी देते ते गप्पी मासेही नकोत. रंगीत शेपटीचा गप्पी त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. त्याला सोबत आहे ती सासूबाईंच्या सकाळच्या गप्पांची, ती चालू ठेवा. माणसं ओळखतो तो.

---

चहाबाज:

हळदीचं मागे घेतो. पण मिठाचं तरी खरं ना? सगळेच सांगतात.

---

रानवाटा:

मीठ चालतं, पण मोजून आणि थोडे दिवस. साधं खडे मीठ, लिटरला एक ग्रॅम, आधी पेलाभर पाण्यात विरघळवून मग थोडं थोडं घालायचं. आठवडा, फार तर दहा दिवस. इथे एक गोष्ट हमखास चुकते: पाणी आटलं तरी मीठ तिथेच राहतं. त्यामुळे आटलेल्या पाण्याची भर घालताना मीठ नाही घालायचं. जेवढं पाणी काढून बदललं तेवढ्यापुरतंच घालायचं. टाकीत झाडं असतील तर मिठाचा उपचार बादलीतच करा.

त्याआधी मी बदामाचं पान सुचवेन. सोसायट्यांच्या आवारात, शाळांच्या मैदानावर असतो तो देशी बदाम. लाल होऊन आपोआप गळलेलं, वाळून तपकिरी झालेलं पान घ्या. फवारणी झालेलं किंवा रस्त्याकडेचं धुळीने माखलेलं नको. धुऊन, वीस लिटरला एक पान टाका. दोन-तीन दिवसांत पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, ते घाण नाही. त्यातलं टॅनिन जिवाणू-बुरशीला थोडा आळा घालतं आणि मंद उजेडात बेट्टा शांत राहतो. पान विरायला लागलं की बदला. मात्र पान टाकलं म्हणून पाणी बदलणं टळत नाही.

---

गोदाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने लिहिलंत, सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं.

सांगितलेल्या क्रमानेच केलं. आधी पाणी, मग बादली आणि हीटर. पाणी २६ वर स्थिर झाल्यावर तो तळावरून उठला आणि बादलीभर फिरून आला. त्यानंतर दाणा टाकला तर लगेच झेपावला. अमोनिया पुन्हा तपासला, शून्य आणि पावच्या मधला रंग आला. मामेदीर जुनी टाकी देणार आहेत, दोन फूट लांबीची.

आता शेपटीच्या कडेला पारदर्शक, पातळ पट्टी दिसतेय. हे बरं की वाईट? आणि खायला नेमकं किती घालू? गच्चीवरच्या पिंपात डासांच्या अळ्या असतात, त्या घातल्या तर?

---

पाणवाट:

पारदर्शक पट्टी म्हणजे नवा पर फुटतोय. वाचून फार आनंद झाला! रंग भरायला काही आठवडे जातील, पूर्वीइतकीच सलग झालर येईल असं नाही. कडा पुन्हा काळ्या किंवा लाल व्हायला लागल्या, किंवा झीज अंगापर्यंत पोचली, तर मात्र जाणकाराला विचारून औषधच द्यावं लागेल. खवले अननसासारखे उभे राहिले किंवा अंगावर सोनेरी धूळ दिसली तर वाट पाहू नका, त्याच दिवशी इथे लिहा.

मोठ्या टाकीत फिल्टर लावलात तरी जिवाणूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीत कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधल्या स्पंजाचा तुकडा मागून आणा, काम लवकर होतं. तोपर्यंत दिवसाआड अमोनिया तपासा आणि दिसला की पाव ते अर्धं पाणी बदला. नंतर आठवड्याला पाव भाग पुरे. स्पंज नळाखाली कधीही धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

---

भातखाचर:

खाण्याचं: हा मांसाहारी मासा, पोळीचे तुकडे, भाताची शितं काही नको. बेट्टासाठीचे छोटे दाणे सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दोन-तीन. आठवड्यातून एक दिवस लंघन. पोट एका बाजूला फुगलेलं वाटलं तर दोन दिवस बंद.

डासांच्या अळ्या त्याला फार आवडतात आणि चांगल्याही. पण पिंप उघडं ठेवून मुद्दाम वाढवू नका, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो. सापडल्या तर गाळणीने गाळून, धुऊन, दोन मिनिटांत संपतील एवढ्याच घाला आणि पिंप रिकामं करून झाका. गटाराच्या पाण्यातल्या अळ्या कधीच नकोत.

नव्या टाकीला झाकण हवंच. बेट्टा चांगली उडी मारतो. शिवाय झाकणामुळे पाण्यावरची हवा उबदार राहते, नाशिकच्या पहाटे ते महत्त्वाचं. फक्त पाणी आणि झाकण यांत तीन-चार बोटं जागा सोडा.

---

गोदाकाठ:

शेवटचं विचारते. संक्रांतीला चार-पाच दिवस गावी जायचंय. समोरच्या ताई खायला घालायला तयार आहेत, पण त्यांना माशांची सवय नाही. दुकानात सुट्टीसाठी विरघळणारी वडी मिळते, ती टाकून जाऊ का?

---

रानवाटा:

वडी नको, ती विरघळून पाणी बिघडवते. निरोगी मोठा बेट्टा चार-पाच दिवस उपाशी सहज राहतो. तरी ताईंना घालायचं असेल तर त्यांच्या हातात डबा देऊ नका. एका वेळचे तीन दाणे अशा कागदाच्या दोन पुड्या बांधा, त्यांवर वार लिहा आणि बाकीचा डबा कपाटात ठेवा. जायच्या आदल्या दिवशी पाव पाणी बदला, हीटर चालू असू द्या. ताईंना एवढंच सांगा, रोज थर्मामीटर बघायचा. २४ च्या खाली गेला किंवा वीज गेली तर टाकीभोवती जुनी शाल गुंडाळायची, वरून हवेला जागा ठेवून, आणि तुम्हाला फोन करायचा.