मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यात डाळिंबसालीचा पिवळा रंग मळकट येतो

वसतिगृहातल्या मुलामुलींनी नवे स्वस्त कपडे घेण्यापेक्षा फिके पडलेले सुती कुर्तेच पुन्हा रंगवावेत, यासाठी कृती बसवतोय. 200 ग्रॅमचा कुर्ता धुण्याच्या सोड्यात उकळायचा, 40 ग्रॅम हिरडापुडीच्या पाण्यात रात्रभर ठेवायचा, न धुता वाळवायचा. मग 30 ग्रॅम तुरटीचं कोमट पाणी, शेवटी 200 ग्रॅम वाळक्या सालींचा गाळलेला काढा, मंद आचेवर तासभर. भांडं स्टीलचं.

नळाच्या पाण्यात छान पिवळा येतो, बोअरच्या पाण्यात हिरवट-करडा. पाण्यातलं लोह हिरड्याच्या टॅनिनशी (त्यातल्या तुरट द्रव्याशी) जुळतं, हे कारण उघड आहे. पण विद्यार्थ्यांना परवडेल असा लोह काढायचा उपाय कोणता? पाणी हवेत ढवळून, निवळून, कापडातून गाळलं तर पुरेल का? तुरटीचं उरलेलं पाणी पुन्हा किती वेळा चालतं, तेही सांगा. ते ओतून द्यायला जीव होत नाही.